भाजलेल्या जखमेवर वारेचा पडदा लावतात, ते सेफ असतं का?

तुम्ही विचारलंय की आईच्या भाजलेल्या हाताला डॉक्टर बाळाच्या वारेचा (म्हणजे बाळंतपणात बाळामागून बाहेर येणाऱ्या प्लॅसेंटाचा) पडदा लावू म्हणतायत, तर घाबरू का. नका घाबरू. माझ्या काकूला पंचवटीत घरीच कढईतलं तेल सांडून मनगटापर्यंत भाजलं होतं, तेव्हा हेच लावलेलं, मी शेजारी उभा होतो. अंड्याच्या कवचाला आतून जशी पातळ साल असते ना अगदी तसा पडदा, सलाईनने ओला केला की जखमेवर आपोआप चिकटतो, टाके वगैरे काही नाही. तिची आग बरीच कमी झाली आणि मुख्य म्हणजे रोज पट्टी ओढून काढायचा त्रास वाचला, तो त्रास ज्याने बघितलाय त्यालाच कळेल.

ह्या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतूही नसतात, तो जखम झाकतो, ओल टिकवतो, सूज कमी करतो आणि खालून नवी कातडी यायला मदत करतो. नवीन प्रयोग वगैरे नाहीये हा, 1910 पासून वापरात आहे, डोळ्याच्या ऑपरेशनमध्येही लावतात. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक (दान केलेले असे पडदे वगैरे तपासून साठवणारी जागा) 1988 पासून आहे, तिथे दात्या आईची एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस सगळी तपासणी होते, मग गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात.

फक्त पडदा कुठल्या बँकेचा आहे ते नक्की विचारा. आणि जखम खूप खोल असेल तर नुसत्या पडद्याने भागत नाही, स्किन ग्राफ्टच, म्हणजे दुसऱ्या जागची कातडी काढून तिथे लावणंच, लागतं. आईंना शुगर असेल तर तेही आधीच सांगून ठेवा.