मल्टिकुकरमध्ये दहा जणांचा स्वयंपाक: आधी एवढं सांभाळा

मल्टिकुकर म्हणजे विजेवर चालणारा, परतण्यापासून प्रेशरवर शिजवण्यापर्यंत सगळं करणारा कुकर. त्याचं आठ लिटरचं भांडं म्हणजे आठ लिटर अन्न नव्हे. प्रेशरवर शिजवताना दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. तांदूळ, डाळी, कडधान्यं फुगतात, फेसाळतात, म्हणून ती पाण्यासकट निम्म्यापर्यंतच. त्यापलीकडे गेलात की फेस झडपेत शिरतो आणि झडप तुंबते.

प्रमाण दुप्पट केलंत तरी शिजण्याची वेळ दुप्पट करू नका. दाब तयार व्हायला मात्र बराच जास्त वेळ लागतो, तो धरूनच जेवणाची वेळ ठरवा. घाई असेल तर पाणी गरम करून घाला.

नवख्यांचं सगळ्यात जास्त बिघडतं ते तळाशी. कांदा परतून झाला की अर्धा कप पाणी ओता आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडून घ्या, अगदी कडेपर्यंत. चिकटलेला थर राहिला की तळ प्रमाणाबाहेर तापतो, सेन्सरला ते कळतं आणि 'बर्न' दाखवून मशीन थांबतं. टोमॅटोची दाट प्युरी याच कारणासाठी सगळ्यात शेवटी वरून घाला, ढवळू नका.

कडधान्यांची वाफ लगेच सोडू नका, पंधरा मिनिटं आपोआप जिरू द्या. झाकणातली सिलिकॉनची रिंग दर वेळी धुऊन नीट दाबून बसवा. ती जरा जरी उचललेली राहिली तर कडेने वाफ जाते आणि दाब धरतच नाही.