वाद्यविचार : फ्लॅटवाउंड तारा कोणी लावाव्यात?

या वेळी इलेक्ट्रिक गिटारच्या तारांविषयी नाशिकहून आलेली चार पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या तिघांच्या शंकांचे मूळही बरेचसे तिथेच आहे.

प्रश्न : मी सुगम संगीताच्या एका वाद्यवृंदात गिटार वाजवतो. माझी गिटार स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीचे इलेक्ट्रिक गिटारचे मॉडेल) धाटणीची असून तिच्यावर १० ते ४६ गेजच्या (गेज म्हणजे इंचाच्या सहस्रांशांत मोजलेली जाडी) नेहमीच्या राउंडवाउंड तारा आहेत. कालिदास कलामंदिरातील आमच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण ऐकताना कॉर्ड बदलतानाची चिरचिर गायिकेच्या आवाजाशेजारी स्पष्ट ऐकू आली. सहकाऱ्याने फ्लॅटवाउंड तारा सुचवल्या आहेत. मेन रोडवरील दुकानात ११ ते ५० आणि १२ ते ५२ असे दोन सेट मिळतात. त्यांपैकी कोणता घ्यावा, आणि त्याने जुन्या चित्रपटगीतांतील गिटारसारखा गोल, मऊ आवाज मिळेल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : घ्यायचाच असेल तर ११ ते ५० चा सेट घ्यावा. मात्र पैसे मोजण्यापूर्वी आपण वाजवताना तिसरी तार किती वेळा खेचता, याकडे एखाद्या तालमीत नीट लक्ष द्यावे. फ्लॅटवाउंड आपल्याला मानवतील की नाही, हे आवाजापेक्षाही त्या एका तारेवर अधिक अवलंबून असते, आणि पाकिटावर याविषयी अवाक्षरही छापलेले नसते.

नेहमीच्या, म्हणजे राउंडवाउंड, जाड तारेत पोलादी गाभ्याभोवती बारीक गोल तार गुंडाळलेली असते. सहाव्या तारेवरून नखाचे टोक हलकेच ओढून पाहिले, तर एकेका वेढ्याचा कंगोरा नखाला लागतो. कॉर्ड बदलताना बोटाची त्वचा याच कंगोऱ्यांवरून घासत जाते, आणि बोट जितक्या वेगाने सरकेल तितकी ती चिरचिर वरच्या स्वरात ऐकू येते. फ्लॅटवाउंड तारेत गोल तारेऐवजी चपटी पट्टी, बहुधा स्टेनलेस स्टीलची, कडेला कड भिडवून गुंडाळतात, त्यामुळे बोटाला जवळजवळ सलग, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो आणि घासण्याचा आवाज नाहीसा म्हणावा इतका कमी होतो. आपली मूळ तक्रार एवढीच असेल, तर ती या तारांनी नक्की दूर होईल. अर्थात कॉर्ड बदलताना बोटे तारेवरून फरफटत न नेता उचलून ठेवण्याची सवय लावली, तर निम्मी चिरचिर फुकटात जाते, हेही सांगून ठेवतो.

आवाजातील फरक याच बांधणीतून येतो. एकमेकींना भिडलेल्या पट्ट्यांच्या घर्षणात वरचे बारीक स्वरांश लवकर विरतात, मूळ स्वर ठळक राहतो, आघाताचा ठोका भरीव लागतो आणि स्वराची आस, म्हणजे तो रेंगाळण्याचा काळ, थोडी आखूड होते. तानपुऱ्याची जवारी खुली असण्यात आणि बंद असण्यात कानाला जो फरक जाणवतो, त्याच जातीचा हा फरक आहे, जरी त्याची कारणे वेगळी असली तरी. शिवाय वेढ्यांमध्ये पोकळी उरत नसल्याने तेवढ्याच जाडीत धातू अधिक मावतो. तार जड होते, आणि जड तार त्याच स्वराला आणायची तर ती अधिक ताणावी लागते. साध्या तारांचा ताणही जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिली तार १० ऐवजी ११ ची घेतली, म्हणजे इंचाच्या अवघ्या एक सहस्रांशाने जाड केली, तरी ताण सुमारे २१ टक्क्यांनी वाढतो. १२ ची घेतली तर ४४ टक्क्यांनी. आपल्या साडेपंचवीस इंची गिटारवर १० ची पहिली तार सात-साडेसात किलोंचा ताण देत असेल, तर ११ ची जवळपास नऊ किलोंचा देईल. सध्या १० च्या तारांना सरावलेल्या बोटांनी थेट १२ वर उडी मारू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

आता तिसऱ्या तारेकडे वळू. आपल्या सध्याच्या सेटमध्ये ती १७ ची साधी पोलादी तार आहे. ११ ते ५० च्या फ्लॅटवाउंड सेटमध्ये तिच्या जागी बहुधा २२ ची, वेढा असलेली तार येते. ही तार कॉर्डमध्ये फार सुरेख बसते. साध्या जाड तारेचा ताठरपणा तिच्यात नसल्याने वरच्या फ्रेटांवरही (गिटारच्या दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्यांवरही) ती सुरात राहते. पण ती खेचून पूर्ण स्वर चढवणे अत्यंत कष्टाचे होते, अर्धा स्वर चढला तरी पुष्कळ. गायकाच्या ओळीमागून मींडेने उत्तर देणारे तुकडे आपण तिसऱ्या तारेवर वाजवत असाल, तर ते तुकडे आपल्याला दुसऱ्या तारेवर हलवावे लागतील किंवा सोडून द्यावे लागतील. तिसरी तार तेवढी सुटी, साधी १७ किंवा १८ ची लावण्याचा मार्गही काही जण सुचवतात. मला तो पटत नाही, कारण तीनच तारा सपाट वेढ्याच्या उरल्या की चौथी आणि तिसरी यांच्या आवाजात जी दरी पडते ती कॉर्डमध्ये लपत नाही.

फ्लॅटवाउंड सेटमधील पहिल्या दोन तारा कोणत्याही सेटप्रमाणे साध्याच पोलादी असतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. म्हणजे खालच्या चार तारा मवाळ होतात आणि वरच्या दोन होत्या तशाच चकचकीत राहतात. नव्या सेटवर पहिल्या आठवड्यात हा विसंवाद फारसा जाणवत नाही, कारण कोऱ्या फ्लॅटवाउंडमध्येही थोडी चमक असते. ती उतरली की जाणवू लागतो. पहिल्या दोन तारा थोड्या जाड ठेवणे, टोनचे बटण किंचित उतरवणे आणि पिकअपची (तारांची कंपने उचलणाऱ्या चुंबकी भागाची) उंची पहिल्या तारेच्या बाजूने जराशी खाली घेणे, एवढ्याने तो बहुतेक मिटतो. आपल्या गिटारच्या पिकअपमधील लोहचुंबकांची टोके कमीजास्त उंचीची असतील, तर एक फायदा आपोआप पदरात पडतो. स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिसरी तार वेढ्याचीच असे, आणि तिचा आवाज उचलून घेण्यासाठी तिच्याखालचे टोक उंच ठेवलेले होते. त्याच रचनेवर साधी तिसरी तार लावली की ती इतरांवर कुरघोडी करते. वेढ्याची लावली की सगळ्या तारा पुन्हा एका पातळीवर येतात.

जुन्या गीतांतील आवाजाविषयी मात्र फार आशा बाळगू नये. त्या आवाजात पोकळ अंगाची गिटार, त्या काळचे ॲम्प्लिफायर आणि ध्वनिमुद्रणाची पद्धत यांचा वाटा मोठा आहे, आणि वाजवणाऱ्याच्या हाताचा त्याहून मोठा. अमेरिकन जॅझ गिटारवादक वेस मॉंटगोमेरी जाड फ्लॅटवाउंड तारा वापरत, हे सगळे सांगतात. ते पिक (तार छेडायची छोटी चपटी पट्टी) न वापरता अंगठ्याने वाजवत, हे त्याच्याच जोडीने सांगायला हवे. आपण आधी सध्याच्याच तारांवर नेकजवळचा (गिटारच्या दांडीजवळचा) पिकअप निवडावा, टोनचे बटण निम्म्यावर आणावे आणि ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) न वाजवता नेकच्या टोकाशी, अंगठ्याच्या मांसल भागाने एखादे गीत पूर्ण वाजवून पाहावे. आवाज हवा तसा मिळाला आणि केवळ चिरचिर उरली, तर सेट निर्धास्त घ्यावा. आवाज तरीही टोचत असेल, तर दोष तारांत नसण्याची शक्यता अधिक. चिरचिर कमी व्हावी पण चमक सगळी जाऊ नये, अशी अपेक्षा असेल तर हाफराउंड नावाने मिळणाऱ्या, वेढा वरून घासून सपाट केलेल्या तारा हा मधला मार्ग आहे.

कंपन्यांविषयी एवढेच, की डॅडारिओच्या क्रोम्स या स्टेनलेस स्टीलच्या तारा सहज मिळतात, थोड्या ताठ आणि त्यातल्या त्यात उजळ असतात. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्डच्या जॅझ स्विंग या निकेलच्या तारा बोटाला अधिक मऊ लागतात, पण बऱ्याच महाग पडतात. पहिला अनुभव स्वस्त सेटवर घ्यावा.

प्रश्न : मी १० च्या तारा उतरवून १२ ते ५२ च्या फ्लॅटवाउंड स्वतःच चढवल्या. आता ब्रिज मागून उचलला गेला आहे, तिसरी तार जुळवताना नटपाशी (नेकच्या टोकाशी तारा टेकवणाऱ्या खाचांच्या पट्टीपाशी) ‘टिक्’ असा आवाज होऊन स्वर एकदम उडी घेतो, आणि बाराव्या फ्रेटवर तीच तार बेसूर लागते. तारा सदोष आहेत का?
— एक वाचिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तारा ठीक आहेत, गिटार अजून जुन्या तारांच्या हिशेबानेच लावलेली आहे. ट्रेमोलोचा, म्हणजे दांडी हलवून स्वर वरखाली करता येणारा, ब्रिज पुढच्या बाजूच्या तारा आणि मागच्या पोकळीतील स्प्रिंगा यांच्या ओढाताणीत तोललेला असतो. तारांचा ताण वाढल्याने तो पुढे झुकला आहे. मागचे झाकण काढून एक-दोन स्प्रिंगा वाढवाव्यात किंवा त्यांना धरणारे दोन स्क्रू थोडे थोडे, दोन्ही सारखेच, आत घ्यावेत आणि प्रत्येक वेळी तारा पुन्हा जुळवून मगच ब्रिजकडे पाहावे. हे काम घाईचे नाही.

‘टिक्’ आवाजाचे कारण नटची खाच. ती १७ च्या तारेसाठी कापलेली असून त्यात २४ ची तार अडकते, ताण साठतो आणि मग ती झटक्याने सुटते. खाच योग्य मापाच्या कानशीने रुंद करावी लागेल. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण खाच एकदा खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि नट बदलण्यावाचून इलाज राहत नाही. बाराव्या फ्रेटचा प्रश्न सोपा आहे. साध्या तिसऱ्या तारेसाठी सॅडल (ब्रिजवरील तार टेकण्याचा सरकता तुकडा) बरेच मागे ठेवलेले असते, वेढ्याच्या तारेला ते पुढे हवे असते. बाराव्या फ्रेटवरील हार्मोनिकशी (तार न दाबता हलका स्पर्श करून काढलेल्या स्वराशी) तेथेच दाबलेला स्वर ताडून पाहावा. दाबलेला स्वर उतरलेला असेल तर सॅडल नेकच्या दिशेने सरकवावे, चढलेला असेल तर उलट.

यानंतर नेकचा बाक तपासावा. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी सहाव्या तारेखाली किती फट राहते ते पाहावे. साधारण पाव मिलिमीटर पुरे. उतरवलेली जुनी १० ची पहिली तार टाकून दिली नसेल, तर तिची जाडी नेमकी तेवढीच असते. तिचा तुकडा फटीत सहज सरकून वर मोकळी जागा उरत असेल, तर ट्रस रॉड (नेकच्या आतील बाक जुळवणारी सळई) पाव फेरा आवळावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. क्रम स्प्रिंगा, बाक, तारांची उंची आणि सर्वांत शेवटी सॅडल असाच ठेवावा, नाहीतर केलेले काम पुन्हा करावे लागते.

पुढच्या वेळेसाठी एक सूचना : फ्लॅटवाउंड तार आधी कापून मग खुंटीत घालू नये. खुंटीपलीकडे तारेला काटकोनात ठळक घडी घालावी आणि घडीच्या पुढे बोटाच्या पेराएवढी तार ठेवून मगच पक्कड चालवावी. घडीशिवाय कापल्यास चपटी पट्टी टोकाकडून सुटू लागते, आणि तार वरकरणी धडधाकट दिसत असूनही मुकी वाजते.

प्रश्न : मी हवाईयन गिटारवर राग वाजवतो. पोलादी कांडीची घासर कमी करण्यासाठी फ्लॅटवाउंड लावू का? आणि मुलीच्या नायलॉनच्या गिटारवर त्या चालतील का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : रागासाठी लावू नयेत. ब्रिजभूषण काब्रा यांनी स्लाइड गिटार हिंदुस्थानी रागसंगीतात रुजवली ती मींड आणि लांब आस यांच्या बळावर, आणि फ्लॅटवाउंड नेमकी आसच आखडते. घासर कमी करायची तर हाफराउंड वापरून पाहावी. नायलॉनच्या गिटारवर मात्र कोणत्याही पोलादी तारा चढवू नयेत. तिचा ब्रिज त्या ताणासाठी बांधलेला नसतो आणि तो उखडून येतो.

प्रश्न : फ्लॅटवाउंड तारा किती टिकतात? पावसाळ्यात माझ्या तारा महिन्याभरात गंजतात.
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : राउंडवाउंडच्या मानाने पुष्कळच जास्त टिकतात. घाम आणि मळ साठायला वेढ्यांमध्ये खाचा नसतात, आणि जो थोडा आवाज मंदावतो तो बहुतेकांना हवाच असतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन आपल्या फ्लॅटवाउंड तारा क्वचितच बदलत, अशी त्यांची ख्याती आहे. पण पहिल्या दोन साध्या तारांना जुलै-ऑगस्टची हवा चुकत नाही. त्या सुट्या आणून ठेवाव्यात आणि गंजल्या की तेवढ्याच बदलाव्यात, पूर्ण सेट उतरवू नये. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने सर्व तारा खालून-वरून पुसाव्यात.