फॉलिक अ‍ॅसिड उशिरा सुरू झालं, आता काय?

तुझा प्रश्न वाचला. गरोदरपणाचा सातवा आठवडा, फॉलिकची गोळी चारच दिवसांपूर्वी सुरू झाली, हिमोग्लोबिन 9.8, घर पूर्ण शाकाहारी. आणि सासूबाई म्हणतात, एवढ्या गोळ्या उष्ण पडतील, त्यापेक्षा पालक-बीट खा. मी मुंबईत महापालिकेच्या प्रसूतिगृहात 22 वर्षं परिचारिका होते, तुझ्या वयाच्या खूप मुली पाहिल्यात, म्हणून अगं-तुगं करते.

आधी तुझ्या भीतीबद्दल, की गोळीला उशीर झाला म्हणून बाळाला काही होईल का. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते, आणि ती नीट मिटायला फॉलिक हे जीवनसत्त्व लागतं. पाळीच्या तारखेपासून मोजलंस तर सहावा आठवडा. पाळी चुकली हे कळून डॉक्टरांकडे जाईपर्यंत तो काळ बहुतेकींचा निघून गेलेला असतो. म्हणूनच रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची असते. तुझी ती वेळ गेली, हे खरं. पण म्हणून बाळात दोष असेलच असं मुळीच नाही. गोळी न घेतलेल्या बहुतेक बायकांची बाळंही धडधाकट असतात. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचा पाठीचा कणा नीट बघतात, ती तारीख चुकवू नकोस. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर गोळीचा डोस कितीतरी मोठा लागतो, तो डॉक्टरच ठरवतात.

आणि गोळी बंद करू नकोस. फॉलिक तुझ्या रक्तालाही लागतं, आणि ही गोष्ट कळली ती आपल्या मुंबईतच. 1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर इथे आल्या आणि परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत काम करू लागल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडायच्या, काही जणी दगावायच्या. विल्सबाईंनी त्यांचं जेवण तपासलं आणि यीस्टचा अर्क देऊन पाहिला. बायकांचं रक्त सुधारलं. 1931 मध्ये त्यांनी ते छापलं. त्या अर्कातलं औषध म्हणजेच आजचं फॉलिक, हे पुढे कळलं. परळवरून जाताना मला अजून त्या बायका आठवतात.

आता लोह. 11 च्या खाली म्हणजे रक्त कमी, त्यामुळे 9.8 कडे काणाडोळा करायचा नाही. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. ती चौथ्या महिन्यापासून निदान 180 दिवस रोज घ्यायची. तुझं रक्त आत्ताच कमी आहे, तेव्हा कधीपासून आणि किती हे डॉक्टरांना विचार. पालक-बीट जरूर खा, पण त्यातलं लोह अंगाला फार थोडं लागतं. पालेभाजी चिरून मग धुवू नकोस, आधी धू. वर लिंबू पिळ.

एकीचं सांगते. सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन 8 वर अडलेलं. "गोळ्या घेतेस ना?" "रोज घेते, सिस्टर." पिशवी उघडायला लावली. पाकिटं खरंच रिकामी होती. मग विचारलं, कशाबरोबर घेतेस? म्हणाली, सकाळी चहाबरोबर, त्याच घोटात कॅल्शियमची पण, म्हणजे विसरायला नको. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाला आतड्यात अडवतात. तिने लोहाची गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम दुपारी जेवणानंतर घ्यायला सुरुवात केली. महिन्याभरात आकडा वर आला. तूही चहा आणि लोह यांत तासा-दोन तासांचं अंतर ठेव. गोळीने शौच काळं होतं, त्याला घाबरू नकोस. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढव आणि डॉक्टरांना गोळी बदलून माग, पण गपचूप बंद करू नकोस.

तुमच्या घरात मासे-अंडं नाही, म्हणून मला खरी काळजी बी-12 ची आहे. ते पालेभाजीत, डाळीत नसतंच. दूध-दह्यात असतं, पण दिवसाला अर्धा कप चहाच्या दुधाने भागत नाही. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक घेतलं तर रक्ताचा आकडा सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. पुण्याच्या डॉ. याज्ञिकांच्या अभ्यासात तर गरोदरपणी बी-12 कमी आणि फॉलिक जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिन नीट काम करत नसल्याचं दिसलं. म्हणून पुढच्या खेपेला बी-12 ची तपासणी मागून घे. महाग वाटली तरी घे.

बाकी, मीठ आयोडीनचंच वापर, नुसतं सैंधव नको. मैत्रिणीने दिलेल्या मल्टिव्हिटॅमिनवर अ जीवनसत्त्व किती आहे ते बघ, ते जास्त झालं तर बाळाला बाधतं. आधीच्या गोळ्यांत भर घालण्याआधी पाकीट डॉक्टरांना दाखव.

सासूबाईंना पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा, हिमोग्लोबिनचा आकडा त्यांच्यासमोर वाचून घे. आणि बी-12 किती आलं ते मला इथेच कळव.