जुनी पॉन्टून बोट मागून बसतेय : ड्रम बांधायच्या आधी एवढं बघ

भावा, तुझं सगळं वाचलं. शिरोळ भागातल्या तुमच्या मंडळानं पुरासाठी म्हणून जुनी अ‍ॅल्युमिनियमची पॉन्टून बोट घेतली, म्हणजे खाली हवेच्या बंद ट्यूब आणि वर सपाट डेक, 18 फुटी, 2 फूट व्यासाच्या दोन ट्यूब, आणि आठ माणसं चढली की मागचा भाग पाण्यात बसतो. आता कोण म्हणतंय ट्यूबमध्ये फोम भरा, कोण म्हणतंय बाजूनं ड्रम बांधा. दोन्ही थांबव, आधी हिशेब करू.

2 फुटी ट्यूब 18 फूट लांब म्हणजे साधारण 1600 लिटर, पुढचं निमुळतं नाक धरून 1500 धर. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो उचललं जातं. दोन ट्यूब मिळून 3000 झाले, पण पूर्ण लोडला ट्यूब निम्म्याच बुडाल्या पाहिजेत, वरचा निम्मा भाग लाटेसाठी आणि एका बाजूला माणसं सरकली तर त्यासाठी राखायचा असतो. म्हणजे हातात आले 1500 किलो. डेक, फ्रेम, छप्पर, इंजिन सगळं मिळून 700 धरलं तरी दहा माणसं आरामात बसायला पाहिजेत. तुझी आठालाच बसते म्हणजे 200-300 किलो वजन कुठंतरी लपलंय, आणि जुन्या बोटीत ते दोनच ठिकाणी असतं, ट्यूबमध्ये शिरलेलं पाणी नाहीतर भिजून फुगलेलं प्लाय.

बोट काठावर घे, मागं उतार ठेव आणि दुपारच्या उन्हात ट्यूबवर हात फिरव. पाणी असेल तिथं खालचा पत्रा गार लागतो, वरचा चटका देतो, बोटानं रेघ मारता येईल इतका फरक कळतो. मग ड्रेन प्लग, म्हणजे ट्यूबचं पाणी काढायचं बूच, काढ. पण लक्षात ठेव, आत कप्पे असतील तर एका प्लगनं सगळं पाणी येणार नाही, प्रत्येक कप्प्याला तळाशी वेगळं भोक पाडून आट्याचा प्लग बसवून घ्यावा लागतो.

लिकेज शोधायला हवा भरायची पण पंक्चरवाल्याचा कंप्रेसर अजिबात लावू नको!! ट्यूबच्या टोकाच्या 2 फुटी झाकणावर 10 पीएसआयला (टायरच्या हवेचा दाब मोजतात तेच माप) जवळजवळ दोन टन जोर येतो, शिवण उसवून झाकण उडेल आणि समोर कोण उभा असेल तर संपलं. 2 पीएसआय पुरे. गवंड्याची लेव्हलची नळी यू करून पाणी भर, एक टोक ट्यूबला जोड, दोन्हीकडच्या पाण्यात मीटरभर फरक आला की झालं दीड पीएसआय, आणि हवा जास्त झाली तर नळीतलं पाणीच बाहेर उडतं, दाब आपोआप सुटतो. सायकलच्या पंपानं सावकाश भर आणि साबणाचं पाणी मार. शिवणीपेक्षा ब्रॅकेटच्या वेल्डिंगच्या कडेला जास्त बघ, डेकचे हादरे तिथंच बसतात आणि केसाएवढी चीर पडते. मोहरीएवढे बुडबुडे एका रांगेत यायला लागले की समज सापडली. मार्करनं खूण कर आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात आर्गन वेल्डिंगवाल्याकडून करून घे.

फोमचं सांगतो. धड ट्यूबमध्ये फोम भरून एक किलोही उचल वाढत नाही, हवा आधीच तिथं आहे, उलट फोमचं वजन वाढतं. तो फक्त ट्यूब फुटली तर बुडू देत नाही, पण ओला झाला की पाणी धरून बसतो आणि पत्रा आतून खातो. थर्माकोल तर नकोच, पेट्रोल लागलं की विरघळतो.

एवढं करूनही कमी पडलं तरच आकारमान वाढव. तुझा त्रास मागं आहे, मग इंजिनच्या दोन्ही बाजूंना मागं दोन बंद पेट्या कर, 40 बाय 40 सेंमी आणि मीटरभर लांब. एक 160 लिटरची, दोन्ही मिळून पूर्ण बुडाल्यावर 300 किलोच्या आसपास उचल आणि तीही नेमकी पाहिजे तिथं. पेटीचा तळ ट्यूबच्या तळाखाली जाऊ देऊ नको, पुढची बाजू तिरकी ठेव आणि इंजिनच्या पाण्यातल्या पंख्यापासून लांब. सगळीकडूनच बसत असेल तर मधोमध तिसरी ट्यूब, पण ती अ‍ॅल्युमिनियमचीच. 3 एमएम लोखंडी पत्र्यात तेवढीच ट्यूब पावणेतीनशे किलोच्या घरात जाते, अडीच एमएम अ‍ॅल्युमिनियममध्ये ऐंशीच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमला लोखंडी अँगल थेट टेकवू नको, मध्ये रबर घाल आणि स्टेनलेसचे बोल्ट वापर, नाहीतर दोन पावसाळ्यांत पत्रा पांढरा पडून झिजतो. ड्रम दोरीनं बांधलेले तर पुरात नकोतच, जोर वरच्या दिशेनं असतो, ड्रम फिरून दोरीतून निसटतो.

आणि एक मनापासून. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटून काय झालं ते आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पॉन्टून बोट गावात साचलेल्या संथ पाण्यासाठी ठीक, कृष्णेच्या मुख्य धारेत घालू नका, छपरावर वारा धरला की वळत नाही. पुरात छप्पर काढूनच ठेवा, तेवढंच वजनही वरून कमी होतं.

काम झालं की माणसं चढवायच्या आधी वाळूची पोती भर, 75 किलोला एक माणूस धरून. मग सगळी पोती एका कडेला सरकव आणि ती बाजू किती बसते बघ. ट्यूबचा वरचा काठ पाण्याला टेकायला लागला की त्याच्या बरीच आधीची संख्या पकड आणि ती डेकवर मोठ्या आकड्यात रंगवून टाक. लाइफ जॅकेटही तेवढीच ठेव.

ट्यूबचा नेमका घेर आणि इंजिन किती एचपीचं आहे ते टाक, पेट्यांचं माप काढून देतो.