दांडीवरचा फोटो फलकावर गेला तेव्हा

प्रश्न : कुडाळला माझं औषधांचं दुकान आहे. गेली सहा वर्षं रविवारी पहाटे मालवणला जाऊन रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचं जाळं), मासळीचा लिलाव, जाळी दुरुस्त करणारी माणसं यांचे कृष्णधवल फोटो काढतो. कुणाला उभं करून नाही, जे समोर घडेल ते. तीन वर्षांपूर्वी दांडीच्या किनाऱ्यावर रिकामी पाटी शेजारी ठेवून, गालाला हात लावून बसलेल्या एका वयस्क मासेविक्रेतीचा फोटो मिळाला. कॅमेरा दिसताच "माजो फोटो कित्याक (कशाला) काढतंस रे?" म्हणून ती हसली. यंदा एका रिसॉर्टने तो फोटो 15 हजार रुपयांना मागितला. मी व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवली, लेखी काही केलं नाही. त्यांनी तो मालवणी थाळीच्या जाहिरातीसाठी रस्त्यावरच्या फलकावर आणि मेनूकार्डावर छापला. आता तिच्या मुंबईतल्या मुलाने वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे : फोटो काढून टाका, 15 दिवसांत 5 लाख रुपये द्या, नाहीतर फौजदारी करू. पुढच्या महिन्यात माझ्या 40 फोटोंचं प्रदर्शन आहे. त्यात लाटांत उघडी डुंबणारी मुलं आहेत, ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायका आहेत, आणि होडीच्या सावलीत झोपलेल्या एका खलाशाचा 'रात्रीची उतरली नाही' या नावाचा फोटो आहे. किनारा सार्वजनिक, फोटो माझा, त्यातही कृष्णधवल. मग माझा गुन्हा काय?

उत्तर : फौजदारीची धमकी वाचून तुमची झोप उडाली असेल, म्हणून आधी तेवढं सांगतो. दांडीच्या किनाऱ्यावर उघड्यावर बसलेल्या बाईचा फोटो काढणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 77 बाईच्या नकळत तिच्या खासगी क्षणाचं चित्रण करण्याबद्दल आहे. तुमचा फोटो त्यात बसत नाही. कलम 79 साठी बाईच्या लज्जेचा अपमान करण्याचा हेतू लागतो, तोही इथे नाही. अब्रुनुकसानीचं कलम 356 लावायचं तर पोलीस परस्पर गुन्हा नोंदवू शकत नाहीत, फिर्यादीला दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. जाहिरातीत तिच्याबद्दल हीन असं काही लिहिलेलं नसेल तर ते कलमही टिकणं कठीण आहे. अटकेची भीती मनातून काढून टाका.

मात्र गुन्हा नाही म्हणजे चूक नाही, असं मी म्हणणार नाही. तिच्या मुलाची तक्रार रास्त आहे.

"फोटो माझा" हे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे फोटो काढणारा हाच त्याचा निर्माता आणि पहिला मालक. पूर्वी फोटोवरचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं टिकायचा. 2012 च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. पण हा हक्क कशावर? तुम्ही टिपलेल्या चित्रावर. दुसऱ्या कुणी तुमच्या चित्राची नक्कल करू नये, एवढ्यासाठी तो हक्क आहे. चित्रातल्या बाईचा चेहरा थाळी विकायला वापरण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तो अधिकार मुळात तुमच्याकडे नव्हता, मग तुम्ही तो रिसॉर्टला विकणार कसा?

1994 मध्ये आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'मला माझ्यापुरतं राहू द्या' म्हणण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला. एखाद्याचं नाव किंवा छबी संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणं हा त्या हक्काचा भंग, हेही त्याच निकालात आहे. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. छबीवरच्या हक्कासाठी आजवर गाजले ते बहुतेक खटले गायकांचे आणि नटांचे. त्यामुळे हा हक्क नामवंतांचाच, असा समज पसरला आहे. तो सोडून द्या.

तुमच्या प्रकरणाशी सर्वांत जवळचं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. एका ग्रामीण बाईचा फोटो तिच्या संमतीशिवाय फोटो विकणाऱ्या संकेतस्थळावर गेला आणि तिथून सरकारी जाहिरातींत पोचला. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. मार्च 2025 मध्ये न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने हा प्रथमदर्शनी ग्रामीण स्त्रीच्या छायाचित्राचा व्यापारी गैरवापर असल्याचं म्हटलं आणि केंद्रासह राज्य सरकारांकडून उत्तर मागवलं. तो प्राथमिक आदेश होता, अंतिम निकाल नव्हे. पण न्यायालय कुठल्या नजरेने पाहतं आहे, ते त्यातून कळतं. सिंधुदुर्ग जिल्ह्यासाठी आता उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू आहे. म्हणजे तिच्या मुलाला तिथवर जाणं पूर्वीइतकं लांबचं राहिलेलं नाही.

आता ते हसणं. तुमच्या पत्रात ते तुम्ही मुद्दाम लिहिलंत, संमतीचा पुरावा म्हणूनच ना? माझ्या मते ती संमती होतीही, पण तेवढ्यापुरतीच : तू फोटो काढलास, ठीक आहे. त्यातही तिने "कित्याक काढतंस?" असं विचारलं होतं. तुम्ही काय उत्तर दिलंत, ते पत्रात नाही. 'प्रदर्शनात लावीन' असं म्हणाला असतात तर आज प्रदर्शनापुरती तुमची बाजू भक्कम असती. 'हॉटेलच्या फलकावर लावीन' म्हटलं असतंत तर ती हसली असती का, याचं उत्तर तुम्हालाच माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

कृष्णधवल असल्याने ओळख पुसली जाते, हे तर मुळीच पटण्यासारखं नाही. कायदा रंग बघत नाही, माणूस ओळखू येतो का ते बघतो. मालवणसारख्या गावात बाई पाठमोरी असली तरी लुगड्याच्या काष्ट्यावरून आणि पाटी धरण्याच्या ढबीवरून बाजार तिला ओळखतो. मुंबईतल्या मुलाने तर रस्त्यावरून जाताना आईला ओळखलं. रंग काढून घेतल्यावर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या उलट जास्त बोलतात. त्यासाठीच तर तुम्ही कृष्णधवल निवडलंत.

'सार्वजनिक जागा' या मुद्द्यावर जगात एकमत नाही. कॅनडात मॉन्ट्रियलच्या रस्त्यावर पायरीवर बसलेल्या 17 वर्षांच्या मुलीचा फोटो एका कलाविषयक मासिकाने तिला न विचारता छापला. 1998 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेकच्या कायद्याखाली तिची 2 हजार डॉलरची भरपाई कायम ठेवली. उलट न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरवर नकळत टिपलेल्या एका वृद्धाने छायाचित्रकार फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया यांच्यावर दावा लावला, तो 2006 मध्ये फेटाळला गेला. गॅलरीत लावलेलं आणि विकलेलं छायाचित्र ही कला आहे, जाहिरात नव्हे, हे तिथल्या न्यायालयाने मानलं. आपल्याकडे रस्त्यावरच्या छायाचित्रणासाठी वेगळा कायदा नाही. कलाकाराला राज्यघटनेच्या कलम 19(1)(अ)चं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, फोटोतल्या माणसाला कलम 21 चा खासगीपणा. म्हणून तुमचं प्रदर्शन आणि रिसॉर्टचा फलक यांना मी एका मापाने मोजणार नाही. भिंतीवरचा तो फोटो मी न्यायालयात हिमतीने लढवीन. फलकावरच्या फोटोसाठी मला उभंही राहवणार नाही.

तेव्हा पहिलं काम रिसॉर्टचं. आजच लेखी कळवा की या फोटोचा वापर थांबवा, फलक उतरवा, मेनूकार्डं आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिराती मागे घ्या, 15 हजार परत घेऊन जा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 30 प्रमाणे परवाना लेखी लागतो, तसा तुमच्यात झालेला नाही. रिसॉर्ट म्हणेल, पैसे घेतलेत ना. त्या म्हणण्यात दम आहे, पण तिचा मुलगा त्यांनाही दाव्यात ओढू शकतो हे कळल्यावर ते फलकासाठी भांडत बसतील असं मला वाटत नाही. 'सर्व परवानग्या माझ्याकडे आहेत' असं तुम्ही व्हॉट्सअॅपवर कुठे लिहिलंय का, ते मात्र तपासा. लिहिलं असेल तर रिसॉर्टचा खर्चही तुमच्या गळ्यात येऊ शकतो. काहीही झालं तरी संभाषण पुसू नका आणि मूळ फाइल जपून ठेवा.

नोटिशीला उत्तर द्यायचंच. गप्प बसलात तर तेच तुमच्याविरुद्ध दाखवलं जाईल. उत्तर वकिलामार्फत, तुमचे हक्क राखून, थोडक्यात : फोटो कधी, कुठे काढला, जाहिरातीतला वापर थांबवण्यास सांगितलं आहे, तडजोडीची तयारी आहे. 5 लाखांच्या आकड्याने दबू नका, त्याला भिडूही नका. अशा भरपाईचा ठरलेला दर नाही, आणि एवढी रक्कम मिळवायला तिला नुकसान सिद्ध करावं लागेल. तिला मनाई हुकूम मात्र सहज मिळू शकेल. ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाव्यापूर्वीच समेट करता येतो. तिथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे खर्चाच्या भीतीने ती माघार घेईल असा हिशेब कुणी करू नये. तुम्ही तसा करणार नाही, अशी माझी खात्री आहे.

प्रदर्शनातल्या तीन फोटोंबद्दल माझं मत ठाम आहे. उघड्या मुलांचा फोटो काढून टाका. तुमच्या मनात निरागसपणाच असेल, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई संमतीशिवाय गुप्तांगांचं चित्रण प्रसिद्ध करण्याबद्दल आहे, आणि मुलांच्या बाबतीत कायदे त्याहून कडक आहेत. तो फोटो एकदा इंटरनेटवर गेला की कुणाच्या हाती पडेल, ते तुमच्या ताब्यात राहत नाही. कपडे घातलेल्या मुलांच्या फोटोंसाठीही आईवडिलांना विचारा. कालवं काढणाऱ्या बायकांचे कपडे भिजलेले, खोचलेले असतात. त्यांना फोटो दाखवा आणि एकीनेही नको म्हटलं तर लावू नका.

झोपलेल्या खलाशाच्या फोटोत खरी अडचण तुमच्या शीर्षकात आहे. तो रात्रभर समुद्रावर असेल. होडीच्या सावलीत दोन तास पाठ टेकणाऱ्या माणसाला तुम्ही चारचौघांत दारुडा ठरवलंत. या 40 फोटोंत अब्रुनुकसानीचा खरा धोका कुठे असेल तर तो या तीन शब्दांत आहे. शीर्षक बदला, फोटो राहू द्या.

प्रदर्शनासाठी, आणि पुढे पुस्तक काढलंत तर त्यासाठीही, परवानगीपत्रं घ्या. चार ओळींचं मराठी पत्र पुरे : फोटो प्रदर्शनात आणि पुस्तकात वापरण्यास हरकत नाही, जाहिरातीसाठी पुन्हा वेगळं विचारलं जाईल. लिहिता-वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवा आणि मोबाइलवर त्यांच्या आवाजात होकार घ्या. आधी विचारलं तर क्षण निसटतो, ही तुमची अडचण मला समजते. म्हणून फोटो आधी घ्या, विचारा नंतर. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आहेत आणि बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतील. घरगुती वापराला त्यातून सूट आहे. फोटो विकणं हा घरगुती वापर म्हणता येणार नाही, तेव्हा ही सवय आत्ताच लावून घ्या.

लहानपणी मी रापणीचा दोर ओढायला धावायचो. आम्हां पोरांचा जोर तो किती! तरी जाळं वाळूवर आल्यावर कुणीतरी हाक मारून ओंजळभर पेडवे द्यायचंच. दोराला ज्याचा हात लागला त्याचा वाटा, हा मालवणचा रिवाज कुठल्याही कलमापेक्षा जुना आहे. तुमच्या फोटोच्या दोराला तिचाही हात लागलेला आहे. रिसॉर्टने पैसे परत मागितले नाहीत तर ते 15 हजार तिला द्या, आणि त्याची रीतसर नोंद समेटाच्या कागदात करा.

तिला भेटायला जरूर जा, पण नोटिशीचं उत्तर गेल्यावर आणि तिच्या मुलाच्या वकिलाला कळवून. परस्पर गेलात तर दबाव आणला म्हणतील. रापण संघातला कुणी जुना माणूस सोबत न्या, आणि त्या फोटोची मोठी प्रत तिच्यासाठी घ्या. प्रदर्शनात तो लावायचा की नाही, ते तिला तिथेच विचारा. नको म्हणाली तर तो आणि उघड्या मुलांचा वगळून 38 फोटो लावा.