लग्नांचे फोटो काढतो, बातमीत येऊ का?

प्रश्न : काका, मी धायरीत राहतो, वय २४. तीन वर्षं लग्नांचे फोटो-व्हिडिओ करतोय. मला बातमीचं काम करायचंय, तेही जन्मभर. बाबा म्हणतात, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आहे, आता फोटोग्राफरला कोण विचारतो? कर्ज काढून नवा मिररलेस कॅमेरा घेऊ का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक

उत्तर : कर्ज काढू नकोस आणि लग्नंही सोडू नकोस. छत्तीस वर्षं मी पुण्यातल्या वृत्तपत्रांसाठी फोटो काढले. त्यातली पहिली सहा वर्षं घर चाललं ते तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांवर. शिवाय अंतरपाटाच्या गर्दीत जो जागा काढतो, तो विसर्जनाला लक्ष्मी रोडवरही काढतो.

बाबांचं अर्धं खरं आहे. कुठे आग लागली तर तुझ्याआधी दहा मोबाइल पोचलेले असणार. पण महिन्याने विचार, फोटोत कोण आहे? कोणालाच सांगता येणार नाही. मलाही आलं नव्हतं. १९९१ साली माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्या एका आजींचा फोटो काढला, पहिल्या पानावर आला, मी खूश. पंधरा वर्षांनी त्यांचा नातू दारात उभा. घरात आजीचा एकही फोटो नव्हता. निगेटिव्ह सापडायला अकरा दिवस लागले, कारण पाकिटावर मी लिहून ठेवलं होतं, ‘वारी, गर्दी’. तेव्हापासून नाव, गाव, तारीख विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. तू हे त्याच रात्री फाइलच्या कॅप्शनमध्ये भर. दोन हार्डडिस्क ठेव, एक दुसऱ्याच्या घरी.

व्हिडिओत आम्ही स्टिलवाले आपटलो ते आवाजावर. चित्र थोडं हललेलं खपतं. आवाज गेला की मुलाखत गेली. आधी कॉलर माइक घे, हेडफोन लावून ऐक, आणि दहा आकडे मोजेपर्यंत शॉट हलवू नकोस.

पत्रकारिता शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश मिळाला तर जरूर घे. नोकरी लागली तर सही करण्याआधी करार वाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर वृत्तपत्राच्या नोकरीत काढलेला फोटो वृत्तपत्रात, मासिकात छापण्याचा हक्क मालकाचा, बाकीचे हक्क काढणाऱ्याचे. मी मात्र तेवीस वर्षं न वाचता सह्या ठोकल्या.

सुरुवात? आठवड्यातून एकदा पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जा. एकच हमाल धर. त्याच्याबरोबर हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रात जेव. सुरुवातीला तो कॅमेऱ्याकडे बघून हसेल, सदरा नीट करेल. दोनेक महिन्यांनी तू आहेस हेच विसरेल. त्यानंतरचे फोटो मला दाखवायला आण. फोल्डरला नाव त्याचं दे.