बेणं म्हणजे बियाणं नव्हे

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी दहावीत. अलैंगिक प्रजननाचं उदाहरण म्हणून तिनं उत्तरात लिहिलं, 'उसाची लागवड बेण्यापासून होते.' बाईंनी 'बेण्यापासून' खोडून 'बियाण्यापासून' केलं आणि समासात लिहिलं, 'ग्रामीण शब्द टाळावा.' आई विचारतात : बेणे हा बियाणेचा अपभ्रंश आहे का? आणि 'अलैंगिक'ला एखादा सोपा मराठी शब्द आहे का?

ताई, मुलीचं बरोबर आहे. बाईंनी बरोबर शब्द खोडून चुकीचा लिहिला. वाईट याचं वाटतं की ज्या धड्यात हे घडलं, त्या धड्याचा सगळा विषय या दोन शब्दांमधल्या फरकात मावतो. आणि यात त्या बाई एकट्या नाहीत. पावसाळा सुरू झाला की 'आडसाली उसाची पेरणी जोरात' अशी बातमी कानावर येते आणि दरवर्षी तितकाच संताप होतो. ऊस पेरत नाहीत हो! पेरतात ती ज्वारी, पेरतो तो हरभरा. उसाची लागण होते. पेरायला बी लागतं, आणि शेतकरी उसाचं बी लावतच नाही. तो उसाचाच तुकडा लावतो. त्या तुकड्याला बेणं म्हणतात. हळदीचं बेणं, आल्याचं बेणं, बटाट्याचं बेणं. गव्हाचं मात्र बियाणं.

फरक एका ओळीत सांगता येतो. बी दोघांचं असतं, बेणं एकाचंच. बियात परागकणाकडून आलेला वाटा असतो आणि बीजांडाकडून आलेला, म्हणून पोर आईबापांसारखं असूनही सहसा कुणाचीच नक्कल नसतं. बेण्यातून आलेला ऊस मात्र मूळ उसाचंच पुढं चाललेलं अंग. हेच अलैंगिक प्रजनन. कधीमधी एखाद्या डोळ्यात आपोआप बदल होतो, तो अपवाद.

मी हे पुस्तकात शिकण्याआधी कराडजवळच्या आमच्या शेतात शिकलो. आमचे आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, बेणं तोडायला बसले की शेजारी मला बसवायचे. ऊस नऊ-दहा महिन्यांचा हवा, त्याहून जून नको. पाचट हातानंच काढायचं, कोयत्यानं सोललं तर डोळा जातो. डोळा म्हणजे पेरापाशी असलेला तो फुगीर, टोकदार अंकुर. टिपरी म्हणजे बेण्याचा तोडलेला तुकडा. ती दोन डोळ्यांची असेल तर सरीत आडवी ठेवायची आणि डोळे दोन्ही अंगांना येतील असं बघायचं. एक डोळ्याची असेल तर डोळा वर. मी एकदा घाईनं डोळा खाली करून टिपरी दाबली, तर आबांनी ती उकरून काढून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "ह्यो खाली गेला तर कोंबाला मातीतनं वळसा घालून वर यावं लागंल. बेण्याचा जीव डोळ्यात आस्तोय." पुढं कुठलंही जीवशास्त्राचं पुस्तक मला अलैंगिक प्रजनन यापेक्षा नीट सांगू शकलं नाही.

उसाला बी नसतंच, असं मात्र समजू नका. तुरा, म्हणजे उसाचा फुलोरा, येतो, त्यात बी असतं, अगदी बारीक, कापसासारख्या तंतूंत अडकलेलं. उसाच्या बियापासून रोपं करता येतात हे १८८०च्या दशकात जावा आणि बार्बाडोसमध्ये पक्कं झालं. मग १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं, कारण तिथल्या हवेत उसाला तुरा येतो आणि त्यात सकस बीही धरतं. बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी तिथं गोड, जाड उसाचा जंगली उसाशी संकर केला आणि १९१८ साली 'को २०५' ही जात दिली. हे 'को' म्हणजे कोइमतूर. आपल्याकडच्या 'को ८६०३२' या जातीतलं 'को'ही तेच.

आता या ८६०३२चं काय झालं ते बघा, म्हणजे दोन्ही शब्द कसे जागेवर बसतात ते दिसेल. 'को ६२१९८' आणि 'कोसी ६७१' या दोन जातींचा संकर झाला. त्यातून बी आलं. तुऱ्यातलं प्रत्येक बी वेगळं असतं, म्हणून पुष्कळ रोपांतून निवडत निवडत एक रोप उरलं. इथं बी संपलं. त्या एका रोपाची टिपरी, टिपरीची टिपरी, असं करत महाराष्ट्रभर जो ८६०३२ उभा आहे तो सगळा त्या एकाच रोपाचा विस्तार आहे. जन्म बियातून, प्रसार बेण्यातून. एवढा मोठा फरक दाखवणारे दोन सुटसुटीत शब्द भाषेनं आपल्याला दिलेत, आणि आपण त्यातला एक 'ग्रामीण' म्हणून खोडतो!

आता व्युत्पत्ती. बेणे हा बियाणेचा अपभ्रंश का, असं तुम्ही विचारलंत. 'अपभ्रंश' हा शब्द मला इथं बोचतो, पण दोन्ही शब्द मुळात एकच असावेत असं माझंही मत आहे. बियाणे, ब्याणे, बेणे. हे मनगढंत वाटत असेल तर घरातल्या पाण्याच्या भांड्याकडे बघा. फारसीतला पियाला मराठीत आला, त्याचा प्याला झाला आणि प्याल्याचा पेला झाला. तंतोतंत तीच वाट : 'इया'चं 'या', 'या'चं 'ए'. आणि याहून गोड गोष्ट पुढं आहे. पेला झाला म्हणून प्याला मेला नाही. दोघंही राहिले आणि त्यांनी कामं वाटून घेतली. पाणी पेल्यातून पितात, विष प्याल्यातून. 'विषाचा पेला' म्हणून बघा, कसं वाटतं ते. तसंच बियाणे आणि बेणे यांनी शिवार वाटून घेतलं : दाणा एकाकडे, कांडी दुसऱ्याकडे. मूळ एक म्हणून अर्थही एक, असं म्हणणाऱ्यांनी पाहुण्याला प्याल्यातून पाणी द्यावं.

एका संस्कृतच्या प्राध्यापकांनी माझ्याशी वाद घातला होता की बेणे हे 'वेणु'वरून आलं, कारण उसालाही बांबूसारखी पेरं असतात. ऐकायला छान आहे, पण मराठीला न विचारता केलेलं आहे. शब्दाच्या सुरुवातीचा संस्कृत 'व' हिंदी पुष्कळदा 'ब' करते, मराठी सहसा 'व'च ठेवते. बीस, बाघ, बिजली तिकडे; वीस, वाघ, वीज इकडे. आणि 'वेणु'चं मराठीत काय झालं ते तर डोळ्यांसमोर आहे : वेळू. मग बेणं कुठून येणार? शिवाय वेणूवरून आलं असेल तर आल्याच्या आणि बटाट्याच्या बेण्याला कुठली पेरं दाखवणार? कोकणातल्या 'बेणणी'शीही कुणी नातं जोडू नये. बेणणी म्हणजे तण काढणं. ते उपटायचं काम, हे लावायचं.

याच प्राध्यापकांचा दुसरा मुद्दा मात्र वजनदार होता, आणि तो मला मनापासून आवडतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीताध्यक्षाचं प्रकरण आहे. सीताध्यक्ष म्हणजे राजाच्या शेतीवरचा अधिकारी. त्यात लावणीआधी कशाला काय लावायचं ते सांगितलं आहे, आणि तिथं शब्द येतो 'काण्डबीज'. कांडी हेच ज्याचं बीज, ते. त्याच्या कापलेल्या टोकांना मध, तूप आणि डुकराची चरबी शेणात कालवून लेप द्यावा; कंदांना मध आणि तूप; कठीण कवचाच्या बियांना शेणाचा लेप. आज बेणेप्रक्रिया म्हणतात ती हीच. टिपरीला जखम दोन्ही टोकांना असते, रोग तिथूनच शिरतो, म्हणून 'छेदलेप'. हे कुणीतरी शेतात उभं राहून बघितल्याशिवाय लिहिता येणार नाही. प्राध्यापकांचं म्हणणं, संस्कृतात कांडीलाही बीज म्हणत, तेव्हा बियाणे लिहिलं म्हणून काय बिघडलं? बिघडलं हे की संस्कृतला फरक सांगायला 'काण्ड' हे विशेषण जोडावं लागलं, तो मराठीनं दोन अक्षरांत केला. पुढे गेलेल्या भाषेला मागं का ओढायचं?

पाठ्यपुस्तकातलं 'शाकीय प्रजनन' हेही मला कधी पटलेलं नाही. निम्मी मुलं ते 'शाखीय' वाचतात, फांदीवरून होतं म्हणून, आणि तेच जास्त शहाणपणाचं वाटतं. माझ्या मते हा शब्द इंग्रजीतल्या 'व्हेजिटेटिव्ह'वरून, व्हेजिटेबल म्हणजे शाक अशा हिशेबानं बेतलेला आहे. पण त्यामागचं लॅटिन क्रियापद 'वेगेतारे', म्हणजे चेतवणं, जोम देणं. भाजीचा अर्थ फार नंतरचा. हिंदीवाले 'कायिक' म्हणतात, म्हणजे अंगापासून झालेलं, आणि ते नेमकं आहे.

आता ज्या अर्थासाठी मला हा शब्द जिवापाड आवडतो, तो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे 'ए बेण्या' ही हाक ऐकली नसेल असा माणूस नसेल. 'लय बेणं हाय ते' म्हणजे पोरगं इरसाल, बिलंदर. रागानंही म्हणतात, लाडानंही. बहुतेक जण समजावतात की बेणं म्हणजे अवलाद, 'कुणाची अवलाद आहे' तसं 'कुणाचं बेणं आहे'. मला हे अपुरं वाटतं. नुसता अवलाद एवढाच अर्थ असता तर 'ए बियाण्या' अशीही शिवी निघाली असती. निघाली नाही. लोकांनी दोन शब्दांतून हा एकच उचलला. का? माझा तर्क असा : बेण्यातून जे उगवतं ते मूळ उसाची हुबेहूब प्रत असतं. दुसऱ्या कुणाचा वाटाच नाही. पोराच्या खोडीत बाप जसाच्या तसा दिसला की तोंडातून बेणं निघतं, बी निघत नाही. आणि ही हाक जिथं सगळ्यात मोकळेपणी चालते तो मुलूख कुठला? कृष्णा-पंचगंगेच्या काठचा, उसाचा. ज्यांच्या हातात वर्षानुवर्षं टिपरी होती त्यांनीच हा शब्द माणसाला लावला, हा मला योगायोग वाटत नाही.

या हुबेहूबपणाची दुसरी बाजूही शेतकऱ्याच्या बोलण्यात आहे. उसात काणी आली, गवताळ वाढ आली, की ती बेण्याबरोबर पुढच्या लागणीत जाते. बियाच्या वाटेत पुष्कळ रोग गळून पडतात, बेण्याच्या वाटेत आजारी अंगच पुढं लावलं जातं. म्हणून तीन-चार वर्षांनी शुद्ध मळ्यातून नवं बेणं आणायचं. त्याला 'बेणे बदल' म्हणतात. आबा तो कधी चुकवायचे नाहीत.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला. 'अलैंगिक'ला बोलीत एक शब्द नाही, कारण शेतकऱ्यानं क्रियेला नाव न देता लावायच्या तुकड्याला नाव दिलं, आणि प्रत्येक पिकाला वेगळं : उसाची टिपरी, लसणाची पाकळी, केळीचा मुनवा, हळदीचा जेठा गड्डा. हळदीत तर भावंडांचा क्रमच लागतो. मधला जुना तो जेठा, म्हणजे ज्येष्ठ, त्याच्या कुशीला फुटलेले बगल गड्डे. व्याख्येत 'अलैंगिक' राहू द्या, उदाहरणात हे शब्द येऊ द्या.

मुलीच्या वाक्यात मी एकच दुरुस्ती करीन. 'लागवड'च्या जागी 'लागण' : उसाची लागण बेण्यापासून होते.